गाडीला दिलेलं आवतण

मामांचे दोन्ही हात ठेल्याच्या दांडीवर असले की त्यांची चाल कुणाही धडधाकट माणसासारखी दिसे. दांडी सुटली की मामा लंगडत. डावा पाय बाहेरच्या बाजूला फेकला जाई, खांदा खाली झुके, आणि एरवी ताठ वाटणारा माणूस दोन पावलांत म्हातारा होऊन जाई. त्यामुळं मामा दांडी सोडतच नसत. फलाटावर कुणाशी बोलायचं असलं तर ठेला त्या माणसापर्यंत नेत आणि मग बोलत. पाणी प्यायलासुद्धा ठेला घेऊनच नळावर जात. नवख्या माणसाला वाटे, काय हा कामाचा उत्साह!

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लेख कसा लिहायचा हे घरात सांगणारं कुणी नाही, म्हणून जसं आठवतं तसं लिहिते. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं. पाऊस बेताचा, आणि सुगी सरली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर. मी मॅट्रिक झाल्यावर वडील मला आत्याकडं घेऊन आले, कारण तिथं जवळ कॉलेज होतं. दौंड-मनमाड लाईनवरचं ते एक स्टेशन. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मामांच्या टपाल कचेरीतली बहुतेक माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत. वडील दारातच अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, पोरगी तुमच्याकडं ठिवायची म्हंतो शिकायला."

मामा जेवत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ठिवा की. आमी रोज ढिगानं थैल्या उतरून घेतो. ही तर एकच हाय, आन् तीबी हलकीच दिसती."

माझं राहणं असं एका वाक्यात ठरलं.

रेल्वेच्या टपाल कचेरीत मामा मेलमन होते. मेलगाडी आली की टपालाच्या डब्यातून थैल्या उतरवायच्या, ठेल्यात भरायच्या आणि ढकलत कचेरीत आणायच्या. आत सॉर्टर लोक पत्रं गावोगावच्या कप्प्यांत टाकत, पुन्हा थैल्यांत भरत, तोंडं बांधून लाखेचे शिक्के मारत. मग त्याच थैल्या ठेल्यातून पुढच्या गाडीला किंवा एस.टी.ला. ठेला म्हणजे सागवानी फळ्यांची मोठी पेटी, खाली चार लोखंडी चाकं आणि मागं ढकलायला आडवी दांडी. तिचा लाल रंग उडत उडत विटकरी झाला होता. कागदोपत्री ती 'ट्रॉली' होती, सगळे तिला 'ठेला' म्हणत, आणि मामा 'गाडी' म्हणत.

मामांना कचेरीत कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'गाडीवान' म्हणत. ते मुळात गाडीवानच. तरुणपणी स्टेशनवरची टपालाची थैली ते बैलगाडीतून आतल्या गावांना पोचवत. तेव्हा तिकडं मोटार जात नव्हती. घोडेगावच्या बाजारातून घेतलेली त्यांची जोडी होती, हरण्या आणि चांद्या. एकदा उतारावर बैल बुजले, मामा उडी मारून त्यांना आडवे गेले, आणि चाक डाव्या पावलावरून गेलं. गावच्या हाडवैद्यानं पाय बांधला तो वाकडाच बसला. पुढं मोटार सुरू झाली, बैल गेले, आणि मामा कचेरीत लागले. तेव्हा उमेद होती, पाय थोडासाच ओढत असे, कुणी विचारलं नाही. ठेल्याच्या पुढच्या दोन चाकांना त्यांनी आपल्या बैलांची नावं दिली. फलाटाच्या वळणावर "चांद्या, दबून घे जरा" असं ते चाकाला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

वय वाढलं तसा पाय जास्त ओढू लागला. मेलमनला थैली उचलून चालता आलं पाहिजे, हा नियम. ज्याला येत नाही त्याला घरी बसवतात. पूर्ण पेन्शनीला मामांची थोडी वर्षं राहिली होती आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आत्याच्या मनात कायम एकच धास्ती असे, की कुणी वरचा साहेब येईल आणि मामांना चालताना बघेल. मामा पहाटे, दिवस उगवायच्या आत घरून निघत आणि दिवेलागणीनंतर परत येत. मधल्या सुट्टीत घरी येतच नसत. मी कॉलेजला जाताना त्यांचा डबा कचेरीत देऊन जाई. कचेरीतल्या माणसांना पायाचं सगळं ठाऊक होतं. पण कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि तपासणीच्या दिवशी मामांना ठेल्यापासून दूर जावं लागेल असं काम कुणी सांगत नसे.

थैल्यांना मामा 'सवारी' म्हणत. "सवारी उतरली का?" "जरा दमानं, सवारी हाय आत." एकदा कचेरीच्या मुख्य सॉर्टरांचा, म्हणजे हेडसाहेबांचा, छोटा मुलगा ठेल्यात बसायचा हट्ट धरून रडायला लागला. हेडसाहेब म्हणाले, "गाडीवान, फिरवून आणा हो एक चक्कर. गप्प तरी बसेल."

मामा दांडी धरून उभेच. "न्हाई जमायचं, साहेब."

"अहो, लहान मूल आहे. त्याचं वजन ते किती?"

"वजनाचं न्हाई. मानसं बसल्याती आत. कुनाची आई हाय, कुनाचा दादला हाय. त्येंच्या उरावर लेकराला कसं बसवू?"

 हेडसाहेब हसले आणि मुलाला उचलून म्हणाले, "चला बाळ, गाडी भरलीय." मामांनी आपल्या डब्यातला गुळाचा खडा त्या मुलाच्या हातावर ठेवला. पण ठेल्यात बसू दिलं नाही ते नाहीच.

वंगणाच्या बाबतीत मात्र मामांचं सगळ्यांशी वाकडं होतं. कचेरीतून चाकांना तेल मिळे. मामांना ते पाण्यासारखं वाटे. बैलगाडीच्या कण्याला घालतात तसलं काळं, दाट वंगण ते घरी तयार करत आणि ते बांबूच्या नळ्यात भरून ठेल्याला खाली टांगत. चाकं अजिबात कुरकुरत नसत हे खरं, पण जाणाऱ्यायेणाऱ्याच्या कपड्यांना काळे पट्टे बसत. एकदा हेडसाहेबांच्या नव्या धोतराला बसला. ते चिडून ओरडले, "गाडीवान, हे सरकारी वाहन आहे की तुमचा खटारा?"

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, वाहन सरकारी हाय, कना आमच्यावानीच हाय. वंगान घातलं न्हाई तर बोंबलतो."

किसन नावाचा तरुण मेलमन तिथं थैल्या बांधत होता. तो म्हणाला, "हेडसाहेब, तुमी काळंच धोतर घेत जा आता." कचेरी हसली, आणि हेडसाहेब नको नको म्हणत त्या हसण्यात सामील झाले. नळा मात्र होता तिथंच राहिला.

थैली हातात घेतली की मामा काहीतरी ओळखत. ते बरोबर असे की चूक, हे मला माहीत नाही. पण ते बोलत ते मात्र लक्षात राहिलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या गावांतली माणसं कुठं कुठं पांगली होती. कुणी खडी फोडायला सरकारी कामावर, कुणी कारखान्यांवर, कुणी मुंबईला. गावात राहिली ती म्हातारी आणि लेकरं. त्या दिवसांत एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा मामांनी आमच्या बाजूची थैली उचलून ठेल्यात ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून तसेच थांबले. "सिंधू," ते म्हणाले, "आपल्याकडची थैली यवढी भारी कदी नव्हती बग. घरातली मानसं जितकी लांब जात्यात, तितकी थैली फुगती."

माझं स्वतःचंही थोडं सांगितलं पाहिजे, कारण मामांनी मला जे दिलं ते त्याशिवाय कळणार नाही. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात प्राध्यापकांनी काही विचारलं आणि मी उभी राहून उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण मी 'आहे' म्हणायच्या ऐवजी 'हाय' म्हणून गेले, आणि पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. त्यानंतर मी वर्गात बोलणंच सोडलं. येत असलं तरी मान खाली घालून बसे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी मामा पायाला शेक देत बसले होते. एकदम म्हणाले, "कालेजात कुनी काय बोललं का तुला?"

मी नाही म्हटलं.

"मंग वाचताना आदी मोठ्यानं वाचायचीस, ते का बंद झालं?"

मग मी सांगितलं. मामा हसले नाहीत, रागावले नाहीत. शेकाचं फडकं दुसऱ्या बाजूला फिरवत म्हणाले, "लपवायला लई ताकद लागती, पोरी. वझं उचलायला लागती त्येच्या दुप्पट. मला इचार."

त्या वेळी मला वाटलं, मामा माझी समजूत घालताहेत. ते स्वतःबद्दल बोलत होते हे मला पुढं कळलं.

आता पोळ्याचं सांगते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मामा पोळ्याला ठेला ढकलत नसत. आदल्या संध्याकाळी ठेला धुऊन, त्याच्या दांडीला लोणी-हळद चोळून, बैलाला म्हणतात तेच ते ठेल्याला म्हणत, "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी चाकांवर गेरूचे पट्टे, दांडीला गोंडे, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. आणि दिवसभराच्या सगळ्या थैल्या मामा स्वतःच्या खांद्यावरून वाहत. वर्षातला तो एकच दिवस त्यांचं लंगडणं फलाटभर दिसे. पण बघायला सगळी आपलीच माणसं. किसन त्यांना म्हणे, "गाडीवान, आज तुमीच बैल." आणि मामा मान हलवून घुंगरं वाजल्यासारखं करत.

दुष्काळाच्या त्या वर्षी पोळा आला तेव्हा आमच्या गावाकडं बैल उरले नव्हते म्हटलं तरी चालेल. काही विकले गेले, काही छावणीत, काही गेले ते गेलेच. वडिलांनी निरोप पाठवला होता, की औंदा गावात पोळा नाही. तो मामांनी आदल्या दिवशी, दिवेलागणीनंतर घरी आल्यावर ऐकला. तसेच पुन्हा कचेरीत जाऊन त्यांनी ठेला नेहमीपेक्षा जास्त घासून धुतला. पाणी मिळत नव्हतं, तर घरच्या दोन हंड्यांतला एक नेला. आत्या बडबडली, पण तिनं हंडा दिला. दांडीला लोणी-हळद चोळून, आवतण देऊन मामा घरी आले. मग आत्या हळद घातलेलं कोमट तेल घेऊन त्यांच्या खांद्याला चोळायला बसली. दर वर्षी ती हे करी. "बैलाची खांदेमळनी झाली, आता गाडीवानाची," असं म्हणून ती हसे.

त्याच वेळी हेडसाहेब घरी आले. ते कधी घरी येत नसत. आत्यानं घाईनं पदर सारखा केला आणि मी पाट टाकला. ते बसले नाहीत.

"गाडीवान, उद्या तपासणी आहे. पुण्याचे साहेब येताहेत. आत्ताच कळलं."

मामा म्हणाले, "बरं."

"बरं काय? उद्या ठेला सोडायचा नाही. पोळा परवा करा, तेरवा करा. गोंडे-बिंडे काढून ठेवा."

आत्याचा हात मामांच्या खांद्यावर थांबला होता.  मामा म्हणाले, "साहेब, तुमी तासभर आदी आला असता तर झालं असतं."

"म्हणजे?"

"आवतान दिऊन आलोय. आता तिला जुपायची कशी?"

हेडसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, लाकडाची पेटी आहे ती!"

"व्हय. पर मी बोललोय."

आत्या तेलाची वाटी खाली ठेवून उठली. इतका वेळ दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बोललाय म्हनं! आन् नोकरी गेली म्हंजी? साहेबानं चालताना बगितलं की झालं. मंग काय खायाचं, गोंडं?"

मामा तिच्याकडं न बघता म्हणाले, "गावात एक बैल ऱ्हायला न्हाई, बायजा. यवढी एक गाडी हाय. तिलाबी बोलवून दारातनं हाकलू?"

 जाताना हेडसाहेब दारात थांबले आणि म्हणाले, "किसन वाहील सगळ्या थैल्या. तुम्ही आत बसून राहा. उठूच नका."

"किसनला बैल व्हायचं आवतान न्हाई," मामा म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले की खरोखर, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. आत्यानं होती तेवढ्या डाळीचं पुरण केलं होतं. ते घेऊन मी कचेरीत पोचले, तेव्हा मेलगाडी नुकतीच लागली होती. ठेला कचेरीच्या दारात उभा होता. चाकांवर गेरू, दांडीला लाल-हिरवे गोंडे, पेटीवर बेगडाची फुलं. पुण्याचे साहेब ओट्यावर उभे राहून त्याच्याकडं बघत होते. उंच, चष्मा लावलेले, पांढरा शर्ट. चेहरा रागीट नव्हता. नुसता गोंधळलेला होता.

आणि फलाटावरून मामा आले. उजव्या खांद्यावर थैली, डोक्याला फडक्याची टापशी. डावा पाय बाहेर पडत होता, खांदा प्रत्येक पावलाला खाली जात होता. किसन थैली घेऊन त्यांच्या पुढं पुढं, जमेल तितका त्यांना आडोसा करत चालला होता. मामा त्याला म्हणाले, "बाजूला हो रे, वाट दिसंना मला." किसन बाजूला झाला. मामांनी थैली आत नेऊन ठेवली, परत फिरले, साहेबांच्या समोरून पुन्हा फलाटाकडं गेले. सॉर्टर लोक माना खाली घालून पत्रं टाकत होते. 

पुढच्या खेपेला साहेबांनी त्यांना थांबवलं. "पायाला काय झालंय?"

"जुनं हाय, साहेब. चाक गेल्तं."

"जुनं म्हणजे किती?"

"नोकरीच्या आदीचं."

साहेबांनी वळून हेडसाहेबांकडं पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

 हेडसाहेब काही बोलायच्या आत मामाच बोलले, "त्येंला कसं ठावं आसल, साहेब? गाडीच्या मागं कुनाचा पाय दिसतोय? मी कुनाला कळू दिलं न्हाई. आज गाडी न्हाई म्हनून दिसलं."

"आणि ठेला असताना तुम्ही हे खांद्यावरून का नेताय?"

"आज पोळा हाय. तिची सुट्टी."

"आणि तुमची?"

मामा हसले. "मी गाडीवान, साहेब. तिच्या सुट्टीला मलाच जुपून घ्यावं लागतं."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी मामांना थांबवलंही नाही. शेवटची थैली आत जाईपर्यंत ते ओट्यावर उभे राहिले. मामांनी ठेल्यापुढं नैवेद्य दाखवला, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. नंतर ते हेडसाहेबांशी बोलत होते. मी डबा घेऊन दाराशीच होते, म्हणून मला ऐकू आलं. हेडसाहेब मामांना आत बसून करायचं काही काम द्यावं म्हणून विनवत होते. साहेब म्हणाले, "एवढ्याशा कचेरीत तशी जागा नाही. माणूस चांगला आहे, मला दिसतंय. पण पायही दिसला. आता न पाहिल्यासारखं मला करता येणार नाही."

मग सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि काय लिहायचं ते लिहिलं. काही आठवड्यांनी मामांना सेवेतून मुक्त केल्याचा हुकूम आला. पेन्शन बसली ती अपुरीच. हेडसाहेबांवर काही आलं नाही. आत्या दोन दिवस मामांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "लई मोठा पोळा केला! नोकरी घालवली. काय मिळालं?"

मामांनी भाकरी मोडत उत्तर दिलं, "आता कुनी बगंल का, ह्येची भीती ऱ्हायली न्हाई." आणि थोडं थांबून म्हणाले, "तुलाबी न्हाई."  आत्यानं त्यांच्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली.

त्या आठवड्यात एका तासाला मी हात वर केला. प्राध्यापकांना वाटलं, मला बाहेर जायचं आहे. मी उत्तर दिलं. त्यात 'हाय' आलं की 'आहे', हे मला आठवत नाही. हसण्याचा आवाजही आठवत नाही. एवढंच आठवतं, की उत्तर पुरं होईपर्यंत मी उभी होते.

आता मी मुलींच्या वसतिगृहात राहते. मामा आणि आत्या गावाकडं गेले. तिथं बैल नाहीत, गाडी नाही, पण घर आहे. मी सुट्टीत जाते, तेव्हा मामा मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि मधेच झोपतात. पण मला जे आठवत राहतं ते त्यांच्या कचेरीतल्या शेवटच्या दिवसाचं.

त्या दिवशी त्यांना नारळ आणि टोपी दिली. हेडसाहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले, आणि दोनच बोलून बसले. किसननं ठेल्याच्या दांडीवर हात ठेवला, मामांकडं पाहिलं आणि विचारलं, "गाडीवान, चांद्या कंचा आन् हरण्या कंचा?" मामांनी बोटानं दाखवलं. "ह्यो डावा चांद्या. वळनावर अंगाला येतो. त्येला बोलत जा." मग दुपारच्या उन्हात, भर रस्त्यानं, मी, आत्या आणि मामा घरी निघालो.

मामांना उजेडात रस्त्यानं चालताना मी प्रथमच पाहत होते. बहुतेक सगळा बाजारही. दुकानदार गल्ल्यावरून वाकून बघत होते. सायकल दुरुस्तीवाला पंक्चर काढता काढता म्हणाला, "काय गाडीवान, पायाला काय झालं?"

"काय झालं न्हाई," मामा म्हणाले, "आसाच हाय."

आत्या सवयीनं भराभर पुढं निघून गेली होती. ती थांबली, आम्ही पोचल्यावर मामांच्या बरोबरीनं चालू लागली. त्यांचं पाऊल पडलं की तिचं पाऊल पडे. मामा मात्र घाईत नव्हते. ते एकेका दुकानापुढं थांबून वर पाट्या बघत होते. एका मोठ्या कापड दुकानापुढं उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्ये कवा झालं?"

आत्या म्हणाली, "आवो, आपल्या लेकीच्या लग्नाचं लुगडं हितनंच तर घेतलं आपन. दहा वर्सं झाली आसतील की."

"व्हय?" मामा म्हणाले. त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि दुकानाकडं नीट पाहिलं. मग पुढच्या दुकानाकडं बोट करून विचारलं, "आन् ह्ये?"

घरी पोचायला आम्हाला खूप वेळ लागला.